बोअरवेलचं मीटर-टेलिमेट्री पॅकेज: मोजणी चोख, हिशेब अर्धा

गोव्यात बोअरवेलला मीटर बसवायचं म्हटलं की विक्रेते हल्ली सुटं मीटर दाखवतच नाहीत, अख्खं पॅकेज पुढे करतात. विद्युतचुंबकीय मीटर, त्याला जोडलेला सिमकार्डाचा लॉगर (मीटरचे आकडे टिपून मोबाइल नेटवर्कवरून दूर पाठवणारी पेटी, यालाच टेलिमेट्री म्हणतात), मोबाइलवर आलेख आणि महिनाअखेरीस एक पीडीएफ. कळंगुटच्या हॉटेलाला तेच, पर्वरीच्या सोसायटीला तेच, वेर्ण्याच्या कारखान्याला तेच आणि टँकर भरून देणाऱ्या विहीरमालकालाही तेच. हा आढावा त्या पॅकेजचा आहे. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण इथले गुणदोष लेबलाचे नाहीत, मीटरच्या जातीचे आणि बसवणाऱ्याच्या हाताचे आहेत.

आमची कसोटी एकच. महिना संपल्यावर परवान्यातला आकडा आणि प्रत्यक्ष उपशाचा आकडा शेजारी ठेवले आणि कुणी तपासायला आलं, तर तो कागद टिकतो का? मीटर म्हणून पॅकेजला पाचापैकी साडेचार. हिशेबाचं साधन म्हणून अडीच, आणि तेही सेटिंग स्वतः तपासून घेतली तर.

आधी परवान्याबद्दल दोन शब्द. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात केंद्रीय भूजल प्राधिकरणाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं ठळक छापलेली असतात, कारण टेलिमेट्रीची अट त्यात आहे. गोव्याचा मात्र स्वतःचा भूजल नियमन कायदा आहे, २००२ चा, आणि नवी विहीर खणणं, जुन्या विहिरीची नोंदणी, टँकरने पाणी नेणं या गोष्टी जलस्रोत खात्याच्या भूजल अधिकाऱ्याकडे येतात. तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि आपल्या हातातल्या परवान्याच्या अटी वाचा. त्यात मर्यादा रोजची आहे की महिन्याची, घनमीटरमध्ये आहे की लिटरमध्ये, एका विहिरीची आहे की आवारातल्या सगळ्या विहिरींची मिळून, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय कुठलंही मीटर घेऊन उपयोग नाही. पॅकेज विकणारा हे तिन्ही प्रश्न सहसा विचारत नाही. पाइप किती इंची आहे ते विचारतो आणि कोटेशन पाठवतो.

मीटर

विद्युतचुंबकीय मीटरात फिरणारा भाग नसतो. पाणी चुंबकीय क्षेत्रातून जाताना सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं, ते वेगाच्या प्रमाणात असतं, आणि त्यावरून घनफळ काढलं जातं. गोव्यात याचा फायदा उघड आहे. जांभ्या खडकातल्या पाण्यात लोह असतं. हवा लागली की त्याचा तांबूस गाळ होतो आणि यांत्रिक मीटरच्या पंख्यावर, बेअरिंगवर बसतो. पंखा जड झाला की मीटर कमी दाखवतं, पुढे अडकतं. सोबत रेती आली तर आतल्या चाकांचे दात झिजतात. यांत्रिक मीटर स्वस्त असलं तरी बोअरवेलवर त्याच्या आधी गाळणी हवीच, आणि ती उघडून धुण्याची कुणाला तरी जबाबदारी हवी. धुणारा नेमला नाही तर पावसाळा संपेस्तोवर गाळणी गच्च होते आणि पंपाचा प्रवाहच घटतो.

म्हणून बोअरवेलसाठी आमचं मत विद्युतचुंबकीयच्या बाजूने आहे. फक्त आकार निवडताना चूक होते. पाइप ८० मिमीचा दिसला की ८० चं मीटर येतं. सोसायटीचा तीन एचपीचा सबमर्सिबल तासाला साधारण ६ घनमीटर देतो असं धरा. ८० मिमीत त्या पाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ०.३३ मीटर भरतो, ५० मिमीत ०.८५ मीटर. या जातीचं मीटर अर्ध्या मीटरच्या वर सुखात चालतं, संथ पाण्यात त्याची चूक वाढते. तेव्हा मीटर ५० चं घ्यावं, दोन्ही बाजूंना रिड्यूसर (मोठा पाइप लहानाला जोडणारे तुकडे) लावावेत. किंमतही उतरते. विक्रेता एवढं बोलत नाही, कारण मोठ्या मीटरचं बिल मोठं.

पाइपच्या बाहेरून पट्ट्याने बांधायच्या जातीचं अल्ट्रासोनिक मीटर कायम बसवण्यासाठी घेऊ नये. पाइपच्या आत पुटं चढली की त्याचं गणित चुकतं, आणि पाइप व सेन्सर यांमधली जेल उन्हात वाळते. दुसऱ्या मीटरची पडताळणी करायला भाड्याने आणावं, त्यासाठी ते उत्तम.

बसवणं

इथे निम्म्या पॅकेजांचा घात होतो. विद्युतचुंबकीय मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या निदान पाचपट आणि नंतर तीनपट सरळ पाइप हवा. ५० मिमीला म्हणजे आधी २५० आणि नंतर १५० मिमी. यांत्रिक वोल्टमन जातीला (पाइपच्या रेषेत पंखा फिरणारं मीटर) साधारण दहा आणि पाचपट. गोव्यात बोअरवेलचं तोंड कंपाउंडच्या भिंतीला खेटून असतं. प्लंबर एल्बोला लागूनच मीटर बसवतो आणि त्यानंतर लगेच गेट व्हॉल्व्ह. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमागे पाणी भोवरे घेतं आणि आकडा हेलकावे खातो. जागाच नसेल तर पाइप भिंतीवरून वर काढून उभ्या भागात मीटर बसवावं. पाणी खालून वर जात असेल तर पाइप पूर्ण भरलेलाही राहतो, आणि या मीटरला भरलेला पाइप लागतोच. टाकीत मोकळं पडणाऱ्या पाइपच्या शेवटच्या टोकाला मीटर कधीच नको.

पाइप पीव्हीसी किंवा एचडीपीईचा असेल तर अर्थिंग रिंग मागून घ्या. धातूचा पाइप पाण्याला आपोआप जमिनीशी जोडतो, प्लास्टिक जोडत नाही, आणि रिंगेशिवाय पंप बंद असतानाही आकडा हळूहळू पुढे सरकतो. कोटेशनमध्ये रिंगा वेगळ्या ओळीत असतात आणि घासाघीस सुरू झाली की पहिली तीच ओळ कापली जाते.

हवेचा मुद्दा यांत्रिक मीटरवाल्यांनी लक्षात ठेवावा. बोअरमधला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळका असेल तर पंप बंद झाल्यावर उभ्या पाइपातलं पाणी खाली उतरतं. पुन्हा चालू केला की आधी हवेचा लोट येतो, पंखा भिरभिरतो आणि न उपसलेलं पाणी परवान्यातून वजा होतं. दिवसातून आठ-दहा वेळा टाकीच्या फ्लोटवर चालू-बंद होणाऱ्या पंपाला हा भुर्दंड रोजचा. मीटरच्या आधी एअर व्हॉल्व्ह बसवला की तो बराचसा जातो. विद्युतचुंबकीय मीटर उलट्या प्रवाहाची वेगळी बेरीज ठेवतं. ती बेरीज वाढताना दिसली तर एनआरव्ही गेला असं समजावं. पॅकेजची ही खरी जमेची बाजू आहे, पण मोबाइलच्या पडद्यावर ती कुणी दाखवत नाही. मीटरच्याच मेनूत जाऊन पाहावी लागते.

आता वीज. बऱ्याच जागी पंप जनरेटरवर बदलता येतो आणि मीटर मात्र साध्या लाइनवर जोडलेलं असतं. वीज गेली, जनरेटर सुरू झाला, पंप चालला, मीटर आंधळं. जून-जुलैत तासन्‌तास वीज नसते तेव्हा त्या तासांचं पाणी हिशेबातून गायब होतं. मीटरची वीज पंपाच्या स्टार्टरच्या अलीकडून, चेंजओव्हर स्विचनंतर घ्यावी. एक वायर इकडची तिकडे करायची असते, पण सांगितल्याशिवाय होत नाही. बॅटरीवरचं मीटर घेतलं तर हा प्रश्नच येत नाही.

मीटरला वळसा घालणारी बायपास लाइन दुरुस्तीसाठी ठेवतात. ठेवायला हरकत नाही, पण तिच्या व्हॉल्व्हला सील आणि सीलच्या नंबराची वहीत नोंद हवी. सील नसलेली बायपास दिसली की तपासणारा पुढचे सगळे आकडे संशयाने वाचतो, आणि त्याचं चुकत नाही.

लॉगर

पॅकेजमधला सगळ्यात कच्चा दुवा हाच. मीटर लॉगरशी दोन तऱ्हांनी बोलतं. स्वस्त पॅकेजमध्ये पल्स येतात, म्हणजे ठरावीक लिटर पाणी गेलं की एक खूण, आणि लॉगर खुणा मोजतो. महागात आरएस-४८५ नावाच्या वायरजोडणीवरून मॉडबस असतं, म्हणजे उपकरणांची आपसांत आकडे सांगायची भाषा. त्यात लॉगर थेट मीटरचा एकूण आकडा, म्हणजे टोटलायझर, वाचून पाठवतो.

फरक किरकोळ वाटतो, पण हिशेब त्याच्यावर उभा आहे. खुणा मोजणारा लॉगर बंद पडला की त्या वेळातल्या खुणा कायमच्या गेल्या. मीटरच्या तोंडावर १९,५७१.८ आणि मोबाइलवर १९,२०३ असं चित्र दिसतं, आणि महिन्यागणिक ती दरी रुंदावत जाते. टोटलायझर वाचणारा लॉगर चार दिवस बंद राहिला तरी पाचव्या दिवशी खरा आकडा पाठवतो. मधल्या दिवसांची वाटणी कळत नाही, बेरीज मात्र शाबूत राहते. सांगे, सत्तरी, काणकोण भागात जिथे मोबाइलची रेंज येते-जाते तिथे पल्सवालं पॅकेज घेऊच नये. निदान लॉगरमध्ये स्वतःची साठवण आहे आणि रेंज आल्यावर मागचा डेटा तो पाठवतो, एवढं तरी लेखी घ्यावं.

पल्सच घ्यायची ठरली तर दोन आकडे जुळवून पाहा. मीटरवर एका खुणेला १०० लिटर आणि लॉगरमध्ये १० लिटर असं राहून गेलं तर उपसा दहावा हिस्साच दिसतो. उलट झालं तर दहापट दिसतो आणि मग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत जो गोंधळ होतो तो वेगळाच. दुसरं, रीड स्विचवाली (चुंबकाने उघड-बंद होणाऱ्या खटक्याची) पल्स कधी कधी थरथरते आणि एकाच्या जागी दोन खुणा मोजल्या जातात. हे तपासायला पंधरा मिनिटं पुरतात. मीटरच्या काचेवरचा आकडा लिहा, पंप चालवा, बरोबर १ घनमीटर गेल्यावर लॉगरने किती धरलं ते बघा. बसवणारा तंत्रज्ञ जागेवर असतानाच करून घ्या. तो गेला की त्याचा फोन लागणं आपल्या हातात नाही.

वेळेचं सेटिंगही बघावं. सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल तर त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. पहाटे चार ते सात पंप चालवणाऱ्या हॉटेलाचं एका दिवसाचं पाणी दोन तारखांत विभागलं जातं. महिन्याची बेरीज तशीच राहते, पण रोजच्या मर्यादेचा हिशेब बिघडतो. एखाद्या दिवशी मर्यादा न ओलांडताही ओलांडलेली दिसते, किंवा ओलांडलेली झाकली जाते. सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडायला अर्धं मिनिट लागतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी आणि परतीच्या पावसात विजा पडतात तेव्हा लॉगरचं इनपुट जळण्याचे प्रकार होतात. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा भाग) पॅकेजमध्ये आहे का ते विचारा, आणि त्याला अर्थिंग खरोखर जोडलंय का ते डोळ्यांनी बघा. मीटरचा इलेक्ट्रॉनिक डबा चेंबरमध्ये नको, भिंतीवर छातीच्या उंचीवर हवा. चेंबरमध्ये पाणी साठतंच.

पीडीएफ आणि खरा हिशेब

आता त्या देखण्या पीडीएफकडे येऊ. त्यात निळे खांब असतात, सरासरी असते, 'बचत' नावाचा एक हिरवा आकडाही असतो. परवान्याचा रकाना मात्र नसतो.

नमुना म्हणून एक हॉटेल घ्या. परवाना रोज ४० घनमीटरचा. डिसेंबरचा आरंभीचा आकडा १८,४६२.३, अखेरचा १९,५७१.८. उपसा १,१०९.५ घनमीटर. ३१ दिवसांची मर्यादा १,२४० होते, म्हणजे पीडीएफ सांगते की १३० घनमीटर शिल्लक आणि रोजची सरासरी ३५.८. सगळं आलबेल. पण रोजची नोंद उघडली तर नाताळानंतर वर्षअखेरपर्यंतचे सगळे दिवस ४० च्या वर, एक दिवस तर ४७. परवाना रोजचा असेल तर महिन्याची शिल्लक त्या दिवसांना वाचवत नाही. उपाय मीटरमध्ये नाही, साठवणीत आहे. २० तारखेपासून टाक्या भरत न्याव्यात किंवा त्या आठवड्याचं वरचं पाणी बाहेरून घ्यावं, आणि त्याची पावती जपावी.

ऑस्ट्रेलियात पाण्याच्या हिशेबाची शिस्त पुष्कळ पुढे गेली आहे. तिथे २००४ च्या राष्ट्रीय करारानंतर तीन गोष्टी वेगळ्या मांडण्याची रीत पक्की झाली. तुमचा हक्क, त्या हंगामात त्या हक्कावर प्रत्यक्ष जाहीर झालेलं वाटप, आणि तुम्ही केलेला वापर. तिथल्या मरे-डार्लिंग नद्यांच्या खोऱ्यात हक्क शंभराचा असला तरी कोरड्या वर्षी वाटप त्याच्या काही टक्केच जाहीर होऊ शकतं. काही ठिकाणी न वापरलेलं पाणी नियमानुसार पुढच्या वर्षी नेता येतं. २०१२ मध्ये तर त्यांनी पाण्यासाठी लेखा-मानकच काढलं, ज्यात ताळेबंदासारखी जलसंपत्ती आणि जलदायित्वं मांडतात. गोव्याच्या परवान्यात एकच आकडा असतो, तेव्हा एवढा पसारा इथे नको. पण तीन रकान्यांची सवय उचलण्यासारखी आहे: परवान्याची मर्यादा, त्या महिन्यात लागू असलेली मर्यादा (खात्याने टंचाईत काही निर्बंध घातले असतील तर ते धरून), आणि वापर. आणि परवान्यात तसं लिहिलेलं नसेल तर काल न उपसलेलं पाणी आज जास्तीचं उपसता येतं असं धरून चालू नये.

त्यापुढचा टप्पा जुळवणीचा. त्याच हॉटेलाचा डिसेंबर पुढे नेऊ. बोअर १,१०९.५, नळाचं पाणी ४१२, टँकर ६०. एकूण आवक १,५८१.५. महिन्याच्या सुरुवातीच्या मानाने टाक्यांतला साठा १२ घनमीटरने घटला, म्हणजे वापरायला १,५९३.५ मिळाले. खोल्या, स्वयंपाकघर, लाँड्री, तरणतलाव यांच्या उपमीटरांची बेरीज १,४६८. उरले १२५.५ घनमीटर, जवळपास ८ टक्के. ही मीटरची चूक म्हणून सोडून देता येत नाही. दोन टक्क्यांची चूक धरली तरी ती ३२ घनमीटरच्या आसपास राहते. बाकीचं पाणी गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोमधून, फ्लशच्या झिजलेल्या वॉशरमधून किंवा बागेच्या मीटर नसलेल्या नळातून जातं. पॅकेजला फक्त बोअर दिसतो, त्यामुळे ही बेरीज-वजाबाकी एक्सेलमध्ये हातानेच करावी लागते. चार-पाच विक्रेत्यांपैकी एखादा तरी टाक्यांचा साठा आणि उपमीटर एकाच पडद्यावर आणून देईल अशी अपेक्षा होती. मिळाला तो फक्त जास्त रंगांचा आलेख.

विजेच्या युनिटवरची पडताळणी मात्र जवळपास फुकट आहे आणि कुठल्याही पॅकेजशिवाय होते. पंपाला स्वतंत्र वीजमीटर बसवा. एक घनमीटर पाणी ६० मीटर उचलायला तत्त्वतः ०.१६ युनिट लागतं. पंप, मोटर आणि पाइप मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तर ०.४१. वरच्या नमुन्यात ४५५ युनिट गेली असतील तर घनमीटरला ०.४१ पडतं, म्हणजे सगळं ठीक. पुढच्या महिन्यात ४७० युनिट आणि मीटरवर ६९० घनमीटरच? तर दर ०.६८ वर गेला. दर हळूहळू चढत असेल तर पाण्याची पातळी खाली जातेय किंवा पंप झिजतोय. एका महिन्यात असा उडाला तर आधी मीटरकडे बघा, मग पंपाकडे. मीटर खरंच बंद पडलेलं निघालं तर मधल्या काळाचा अंदाज याच दराने काढावा, ४७० भागिले ०.४१, म्हणजे १,१४६ घनमीटर, आणि वहीत 'अंदाजे' असा शब्द लिहून कारण नोंदवावं. रिकामा रकाना ठेवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

मीटर बदलताना जुन्याचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा, दोन्ही फोटोसकट लिहून ठेवा. नवं मीटर शून्यावर येतंच असं नाही. कारखान्यातल्या चाचणीचं चार-पाच घनमीटर पाणी त्यात असू शकतं. चाचणीच्या प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक आणि मीटरच्या अंगावरचा अनुक्रमांक तोच आहे ना, हेही त्याच वेळी बघा. प्रमाणपत्र एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेचं असावं आणि त्यात कमी, मध्यम, जास्त अशा निदान तीन प्रवाहांवरची चूक दिलेली असावी. जागेवरची तपासणी हवी असेल तर संप, म्हणजे जमिनीतली टाकी, वापरा. ३ मीटर बाय २ मीटरच्या संपात पाणी अर्धा मीटर चढलं की ३ घनमीटर. पण पट्टी वाचताना ५ मिमीची चूक झाली तर तिथेच १ टक्का गेला, तेव्हा निदान मीटरभर तरी भरून बघावं, आणि त्या वेळात कुणी संपातून उपसत नाही याची खात्री करावी.

टँकरवाल्या विहिरी

इथे पॅकेज सर्वात उपयोगी पडतं आणि सर्वात वाईट तऱ्हेने वापरलं जातं. बहुतेक विहिरींवर खेपांची वही असते: गाडीचा नंबर, वेळ, १०,००० लिटर. खेपा गुणिले दहा. मीटर वेगळं चालतं, वही वेगळी. २६ खेपांचे २६० घनमीटर वहीत आणि मीटरवर २४७.४ असेल तर १२.६ चा फरक कुणी समजावून सांगायचा? टाकी काठोकाठ भरत नाही, हे खरं कारण असतं बहुधा. पण कागदावर ते कारण नसतं. भरण्याच्या पाइपवरच मीटर बसवा आणि प्रत्येक खेपेच्या आधीचा व नंतरचा आकडा त्या ओळीत लिहा. खेपेचं घनफळ मग आपोआप निघतं, ९.४ असो की ९.८. लॉगरला दर मिनिटाची नोंद ठेवायला सांगितलं तर खेप सुरू आणि बंद झाल्याची वेळही जुळते. विक्रेते तासाची नोंद देऊन मोकळे होतात, कारण सिमचा डेटा वाचतो.

जे पॅकेजमध्ये नाही

पाण्याची पातळी आणि क्षारता. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनात गोव्याचे तालुके 'सुरक्षित' गटात येतात, म्हणजे वार्षिक उपलब्ध भूजलाच्या ७० टक्क्यांच्या आत उपसा. पण तालुक्याची सरासरी कांदोळी-बागाच्या वाळूतल्या किंवा कोलवा-बाणावलीच्या विहिरीला काही सांगत नाही. किनाऱ्यावर गोड पाणी खाऱ्यावर तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर गोड पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं, असा ढोबळ ठोकताळा आहे, आणि पातळी थोडी घसरली की खारं पाणी बरंच वर येतं. तिथे घनमीटर परवान्याच्या आत असले तरी विहीर बिघडू शकते. दर महिन्याला हातातल्या वाहकता मीटरने (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार सांगणारं) एक वाचन घ्या. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ लागलं की प्रयोगशाळेत नमुना द्या.

पातळीसाठी बोअरमध्ये पंपाच्या पाइपालगत २५ मिमीचा पीव्हीसी पाइप आधीच सोडून ठेवला तर टेपचं मोजमाप सोपं होतं. नाहीतर टेप केबलमध्ये गुंततो आणि वर येत नाही. पाण्याला टेकताच वाजणारा बजरवाला टेप ओल्या पाइपला लागूनही वाजतो, म्हणून वाजल्यावर थोडा वर घेऊन पुन्हा सोडायचा. पंप बंद करून निदान काही तास थांबल्यावरच मोजावं. महिन्याचं जमत नसेल तर जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर एवढं तरी. जांभा पावसात झटपट भरतो आणि तितक्याच झटपट झऱ्यांवाटे रिता होतो, तेव्हा मे आणि नोव्हेंबरचे दोन आकडे चुकवू नयेत.

कुळागरासाठी, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेसाठी, हे पॅकेज घेऊ नये. झाडांना पाट आणि झऱ्याचं पाणी मिळत असेल तर बोअरवर साधं यांत्रिक मीटर आणि पुढे गाळणी पुरते. छोट्या सोसायटीलाही रोजचा आकडा वॉचमनने सकाळी सातला लिहिला तर टेलिमेट्रीचं भाडं वाचतं. परवान्यातच टेलिमेट्री लिहिली असेल तर गोष्ट वेगळी.

घ्यायचंच असेल तर कंत्राटात चार गोष्टी घालून घ्या. डेटा एक्सेलमध्ये उतरवता यावा आणि सेवा बंद केल्यावरही जुना डेटा मिळावा. लॉगरने टोटलायझर पाठवावा, नुसता प्रवाह नव्हे. सिमचं रिचार्ज कुणाकडे, हे नावानिशी लिहावं, कारण लॉगर 'नादुरुस्त' असण्याचं सर्वात नेहमीचं कारण संपलेलं रिचार्ज हेच असतं. आणि वार्षिक देखभालीत भेटी किती, त्यात मीटर व लॉगरचे आकडे जुळवून दोघांच्या सहीचा कागद मिळेल का, हे विचारा. हा शेवटचा कागद द्यायला जो विक्रेता कां-कूं करतो, त्याचं कोटेशन स्वस्त असलं तरी परत पाठवावं.